मामाबरोबर पाहिलेल्या गाड्या

पूल ओलांडल्यावर मी ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि उतरून जुन्या घाटाची वाट शोधू लागलो. वाट आता राहिलेली नाही. बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि त्यांतून खाली जायला माझे गुडघे तयार नव्हते. वरूनच पाहिलं. वैनगंगा तशीच आहे, रुंद आणि संथ. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. काठावरच्या बांध्यांत धान कापून पडलेला होता. वाऱ्याबरोबर ओल्या वाळूचा आणि नव्या धानाच्या तणसाचा वास आला आणि मी तिथंच उभा राहिलो.

त्या काळी इथं पूल नव्हता. चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, मूल, सावली, व्याहाड करत आलेला रस्ता पाण्यात उतरायचा आणि इकडून गडचिरोलीकडे निघायचा. मधलं काम डोंग्यांचं. दोन मोठे डोंगे शेजारीशेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या असत. त्यावरून माणसं जायची, बैल जायचे, धानाची पोती जायची, आणि क्वचित एखादी मोटर.

माझा तुळशीराममामा मोटर चालवायचा. आईचा हा धाकटा भाऊ. मूलला आमच्या घरामागच्याच गल्लीत राहायचा. माझे वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे सुट्टीचे दिवस मी मामाच्या मोटरीत काढले. एका खाजगी कंपनीची ती मोटर चांदा-मूल करायची. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तिच्या पाठीशी कोळशाच्या गॅसची भली मोठी टाकी बसवली होती. सकाळी मामा त्या टाकीत कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवत बसायचा आणि अर्ध्या तासाने मोटर कशीबशी खोकायला लागायची. मग माणसं चढायची. त्यांच्याबरोबर टोपल्यांतल्या कोंबड्या, मोहफुलांची गाठोडी, बांबूच्या सुपांच्या चळती, ओली गोणपाटं. धूर, बिडी, मोह आणि माणसांचा घाम असा सगळा मिळून जो वास व्हायचा, तो मला पुढे कुठंच भेटला नाही.

आणि मामाचे कान. त्या लाइनीवरचे सगळे ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणत ते त्याच्या कानांमुळे. जंगलातून जाताना तो मधेच म्हणायचा, "आयकलं का बाबू?" मला इंजिनाच्या घरघरीपलीकडे काही ऐकू यायचं नाही. तो मोटर थांबवून खाली उतरायचा, मागच्या चाकापाशी बसायचा आणि सुपारीएवढा खडा काढून माझ्या हातावर ठेवायचा. समोरून मोटर येत असली तर वळणाआधीच सांगायचा, कोणाची आहे आणि भरलेली आहे की रिकामी. दुसऱ्या गावचे लोक गाडी घ्यायची झाली की मामाला घेऊन जायचे. मामा डोळे मिटून इंजिनापाशी उभा राहायचा. तो हो म्हणाला तरच सौदा व्हायचा.

मी मोठा झालो, नागपूरला डॉक्टरी शिकायला गेलो. तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या लाइनीवर सरकारी मोटरी येणार असं ठरलं. जुन्या ड्रायव्हरांना तपासून घेणार होते. मामा त्यासाठी पावसाळ्यात नागपूरला आला आणि माझ्या होस्टेलवर उतरला. तपासणीहून परतला तेव्हा त्याचा खाकी कोट भिजून जड झाला होता. तो खुंटीवर टांगून माझ्या खाटेवर बसला. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "वय जास्त झालं मनते." बेचाळीस-त्रेचाळीसचा असेल. मी ते खरं मानलं. मेसमध्ये जेवताना मुलं त्याला काहीबाही विचारत होती आणि तो हसून मान हलवत होता. माझ्या खोलीतल्या चौथ्या खाटेवरच्या मुलाने त्याचं गाव विचारलं तेव्हाही त्याने हसून मानच हलवली. मी समोर बसून वरणभात खात होतो. माणसाचं शरीर शिकत होतो आणि समोरचा माणूस पाहिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. भाऊबीजेला मामा ओवाळून घ्यायला आला आणि पाटावरून उठताउठता आईला म्हणाला, "बाई, पोराले गाडी पाहिजे." आई हसली. शिकणाऱ्या पोराला गाडी कशाला? पण मामा पुष्कळ दिवस मनात ठरवून आला होता. तो सांगत राहिला की हा डॉक्टर होऊन खेडीपाडी फिरणार, तेव्हा शिकत बसणार का? आताच हात बसला पाहिजे. नवी आपल्याला झेपायची नाही, पण जुनी चांगली मिळते. मी निवडून देतो. हा शिकेपर्यंत मी चालवीन, निगा ठेवीन. आदल्या वर्षी त्याने मला गावाबाहेरच्या पडीत जागेत मोटर फिरवायला शिकवली होती, तेही त्याने आईला तेव्हाच सांगितलं. आई भावाला कधी नाही म्हणत नसे. वडिलांच्या मागे राहिलेलं जे थोडं होतं, त्यातून माझं शिक्षण भागून उरेल तेवढ्यात बसणारी गाडी बघा, असं तिने सांगितलं.

मी एकवीस वर्षांचा होतो. होस्टेलच्या दारात माझी गाडी उभी आहे, एवढंच मला दिसत होतं. मामाला त्या गाडीचं चाक धरायचं होतं, त्याला दुसरी कोणती मोटर आता मिळणार नव्हती, हे मला दिसलं नाही.

पहिली गाडी चिमूरकडच्या एका मालगुजार जमीनदाराची. मालगुजारी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. गाडी बैलांच्या कोठ्यात उभी होती, लांबलचक, काळी. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली होती. आत जुन्या चामड्याचा, उंदरांचा आणि कडब्याचा वास कोंडला होता. गावात त्या दिवशी मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. पाळणे लागले होते, भज्यांचे घाणे उतरत होते, दंडारीच्या नाचगाण्याची मंडळी तोंडाला रंग लावत होती. म्हातारे मालगुजार पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. किमतीचं काही बोलले नाहीत. अंडी बाजूला करून घेतली आणि मागच्या सीटवर बसून मंडईतून एक फेरी मारून आणा म्हणाले. मामाने बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, मग हँडल मारून गाडी सुरू केली. मंडईतल्या गर्दीतून आम्ही हळूहळू गेलो. बायामाणसं वाट देत होती, काही म्हातारे रामराम घालत होते. मालगुजार कोणाकडे न बघता सरळ बसले होते. परत आल्यावर ते बराच वेळ उतरले नाहीत. शेवटी म्हणाले, पुढल्या साली बघू.

येताना मामा एवढंच म्हणाला, "जाऊ दे बाबू. ते गाडी इकाची नाई त्याले. कोणतरी चालवून दाखवाले पाहिजे होतं."

दुसरी बल्लारशाला, एका लाकडाच्या ठेकेदाराकडे. लढाईनंतर लष्कराने काढून टाकलेली जीप. डेपोत सागाचे ओंडके रचले होते आणि ताज्या कापलेल्या सागाचा कडवट गोड वास हवेत भरून होता. जीपचा रंग उडाला होता, पण चाकं नवी होती आणि मला ती पाहताक्षणी आवडली. तिथल्या मिस्त्रीने ती सुरू केली. आतून खडखड असा आवाज येऊ लागला, कोणी रॉकेलच्या डब्यात गिट्टी घालून हलवावा तसा. ओंडके मोजणारा मुनीमसुद्धा मान वर करून बघू लागला. मामाने बॉनेटवर हात ठेवला. डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

"मऊ चालते," मामा म्हणाला. "आवाजच नाई."

मिस्त्रीला वाटलं मामा थट्टा करतोय. तो हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

मी म्हणालो की गाडी मोठी आहे, पेट्रोल फार खाईल. मामा रागावला. एवढी चांगली गाडी हातची घालवली म्हणून चांद्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. चांद्याला आम्ही मूलकडे जाणाऱ्या लहान रेल्वेगाडीची वाट पाहत बसलो होतो. दुपारची वेळ. मामा नळावर लोटा भरत पाठमोरा उभा होता. मी त्याच्या मागे गेलो. हळू आवाजात म्हटलं, "मामा." मग नेहमीच्या आवाजात. मग आणखी जरा मोठ्याने. फलाटावर शिंगाडे विकणारी बाई माझ्याकडे पाहू लागली. मामा लोटा विसळून भरत होता. भरून झाल्यावर वळला आणि मला इतक्या जवळ पाहून दचकला. पाणी पुढे केलं. मी प्यायलो.

त्याला आता साठ वर्षं झाली; पुढे मी कितीतरी लोकांचे कान तपासले असतील. ती माझी पहिली तपासणी. रोग्याला न सांगता, पाठीमागून केलेली.

त्यानंतरचे चार दिवस मी घरातच काढले. आईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडीचा विषय तिथंच संपला असता, आणि मला गाडी हवी होती. हे लिहायला मला फार उशीर झाला आहे, पण ते तसंच होतं.

तिसरी गाडी गडचिरोलीला, एका मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची. सुशीलाबाई नगरकडच्या. म्हाताऱ्या आईपाशी राहायला त्या परत जाणार होत्या. गाडी लहानशी, राखाडी रंगाची, जपून वापरलेली. दार उघडलं की फिनेल आणि स्पिरिटचा वास यायचा. मागच्या सीटवर औषधांच्या पेटीने घट्टा पाडला होता. मामाने चारी बाजूंनी पाहिली, खाली झोपून पाहिली, तेल बोटाला लावून पाहिलं. डोळ्यांना आणि बोटांना जे कळतं ते त्याला अजून सगळं कळत होतं. तो उठून म्हणाला, हेच घेऊ. तो बरोबर होता. ती गाडी मला पुढे फार चांगली निघाली.

बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही गाडी चालवायला कुठं शिकलात? मामा म्हणाला, पेट्रोल येताना भरून घेऊ. मग बाईंनी त्याच्या समोर येऊन, तोंड स्पष्ट हलवत, सावकाश तोच प्रश्न विचारला. मामाने नीट उत्तर दिलं. थोड्या वेळाने कागद करायला मला आत नेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या मामांना फार कमी ऐकू येतं. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं.

"मग गाडी कोण चालवणार?"

"मी."

"तसं असेल तर न्या," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्याच हातात दिली. बाहेर आलो तर मामा गाडीच्या दाराशी हात पुढे करून उभा होता. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

दवाखान्यापासून घाट फार लांब नव्हता. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. बाया वाकून कापत होत्या, मधेच उठून गाडी पाहत होत्या. मामाने एक हात खिडकीवर टाकला होता. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला. दंडारीतलं काहीतरी तो गुणगुणायला लागला. पूर्वी तो सुरात गायचा. आता सूर भलतीकडेच जात होता आणि ते त्याला कळत नव्हतं.

मागून हॉर्न वाजला. मोठ्या मोटरीचा. मामा रस्त्याच्या मधून चालवत राहिला. पुन्हा वाजला, लांबलचक, मग सारखा वाजत राहिला. मी मामाच्या दंडाला हात लावू शकलो असतो. मी त्याच्याकडे बघत बसलो, जणू अजूनही काही ठरायचं बाकी होतं. मग मोटर आमच्या उजव्या अंगाने पुढे घुसली. तिची चाकं रस्ता सोडून धानाच्या बांधीत उतरली आणि धुळीच्या लोटात वर आली. मामाने स्टेअरिंग गच्च धरलं. त्याचं गाणं थांबलं होतं.

घाटावर ती मोटर उभीच होती. तिचा ड्रायव्हर शिव्या देत आमच्याकडे आला. तो रहीमभाई होता, पूर्वी मामाच्याच कंपनीत दुसऱ्या मोटरीवर असलेला. तपासणीत पास होऊन तो सरकारी मोटरीवर गेला होता. मामाला पाहून तो जागीच थांबला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"उस्ताद, हॉरन आयकू नाई आला का?"

मामा त्याच्या ओठांकडे बघत होता. "आला ना," तो म्हणाला. "पाह्यत होतो, कितीक वेळ वाजवून राह्यला."

रहीमभाई हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि बाजूला झाला. मामा गाडीतून उतरून नावेच्या फळ्या बघायला पुढे गेला. काठावरून नावेवर गाडी चढवायची म्हणजे दोन अरुंद फळ्यांवरून चाकं न्यावी लागत. त्या फळ्या पायाने दाबून बघून तो वळला आणि गाडीकडे यायला निघाला. मी गाडीच्या दाराला टेकून उभा होतो. आमच्यात चारच पावलांचं अंतर होतं.

मी म्हणालो, "मामा, आता मी चालवतो."

तो थांबला. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "काय मनलं?"

मी पुन्हा म्हणालो. तो तसाच पाहत राहिला. "काय मनलं, बाबू?"

मग मी ओरडलो. "तुमाले आयकू येत नाई. गाडी मी चालवतो."

डोंगेवाले बांबू धरून उभे होते. मोटरीतली माणसं उतरून काठावर आली होती, बाया डोक्यावर गाठोडी घेऊन होत्या. पाणी फळ्यांखाली लपलप करत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मला. त्याला तेही नसेल.

मामाने खिशातून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. "बस," तो म्हणाला.

मी आत बसलो. गाडी सुरू केली. मामा फळ्यांवर उलटा उभा राहिला, माझ्याकडे तोंड आणि नदीकडे पाठ करून. दोन्ही हात उचलून त्याने मला बोलावलं. ये. थोडं डावीकडे. आणखी. थांब. ये. तो एकएक पाऊल मागे सरकत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत पुढे जात होतो. इतक्या हळुवार मी कधी गाडी चालवली नव्हती. फळ्या करकरल्या, नाव एका अंगाला कलली, सावरली. चारी चाकं आल्यावर त्याने दोन्ही तळहात दाखवून मला थांबवलं आणि चाकांखाली दगड लावले. मग नावेच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पैलतीर येईपर्यंत तो वळला नाही.

मूलला आईने गाडीला हळदकुंकू लावलं, मामाच्या हातून नारळ फोडवला. त्याने तो एका फटक्यात फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि काम आहे म्हणून घरी गेला. आईला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं, घाटावरचं सोडून. ती पदराने हात पुसत राहिली.

पुढे मामा एका राइस मिलवर लागला. तिथं एवढा आवाज असायचा की कोणालाच काही ऐकू येत नसे. मी सुट्टीत गाडी घेऊन यायचो तेव्हा तो येऊन टायरची हवा बघायचा, काच पुसायचा, तेल बदलून द्यायचा. बसा म्हटलं की म्हणायचा, "पायीच बरं." त्या गाडीत तो पुन्हा कधी बसला नाही. माझ्याशी बोलायचा, हसायचाही. पण "आयकलं का बाबू" हे त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी श्रावणात तो तापाने गेला. मी नागपूरला होतो. तार आली, रस्ते वाहून गेले होते, गाडी तशीच ठेवून रेल्वेने निघालो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात ओली राख होती आणि मामी भिंतीला टेकून बसली होती. गाडी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विकली. कोणाला, ते आता आठवतही नाही.

मामी पुढे पुष्कळ वर्षं होती. एकदा डोळ्यांच्या उपचाराला माझ्याकडे येऊन राहिली. एका सकाळी मी चहा पीत असताना तिच्यापाशी घाटावरची गोष्ट काढली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाजवळ तरी काढली. तिला ती माहीत होती. मामाने त्याच दिवशी घरी येऊन सांगितली होती.

"तू पयल्यांदा बोलला तवाच त्याले समजलं होतं," मामी म्हणाली. "तो तोंड पाहून सारं समजे. मी विचारलं, मंग दोनदा काऊन विचारलं? तर मने, पोराले वाटलं असतं तर त्यानं दुसरं काई मनलं असतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. मामी हे मला टोचायला सांगत नव्हती. तिला वाटलं, मला ठाऊकच असेल.

गाडीपाशी थांबलेला माझा ड्रायव्हर आता मला शोधत आला. साहेब, काय झालं, विचारू लागला. काही नाही म्हणालो. पुलावरून मोटरी जात होत्या, त्यांचा आवाज पाण्यावर उतरत होता. चाळीस वर्षं दवाखाना चालवला. ऐकू न येणारं माणूस आलं की मी खुर्चीवरून उठायचो, जवळ जायचो, त्याच्या कानाशी वाकून बोलायचो. नर्स म्हणायच्या, डॉक्टर, तुम्ही कशाला उठता, आम्ही सांगतो. लोकांनी त्याचं कौतुक केलं. त्या दिवशी इथं चारच पावलं चालायची होती. माझे पाय तेव्हा चांगले होते.